आखाजीपर्यंत थांबा म्हणाले

आबांना लकवा मारला तो दिवाळीनंतर, कपाशीची दुसरी वेचणी चालू असताना. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. दवाखान्यातले दिवस सांगत बसत नाही. वेळेत पोचलो, डॉक्टर चांगले भेटले, जीव वाचला. मला लिहायचंय ते घरी आणल्यानंतरचं, कारण त्यातला राग अजून गेलेला नाही.

घरी व्यायाम घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पाऊल लोंबतंय. ह्यांना उभं करायचं तर पायाला स्प्लिंट हवा." लकव्यात पाऊल वर उचलणारे स्नायू ऐकेनासे होतात. माणूस पाय टाकायला गेला की बोटं जमिनीला घासतात, मग तो कंबरेतून अख्खा पाय फिरवून टाकतो. तसंच चालू राहिलं तर पोटरी आखडते, टाच टेकत नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळायला लागतं. स्प्लिंट म्हणजे पोटरीपासून तळपायापर्यंत जाणारी पांढऱ्या प्लास्टिकची पन्हळ. ती पाऊल काटकोनात धरून ठेवते. डॉक्टर कागदावर एएफओ लिहितात, दुकानात फूटड्रॉप स्प्लिंट म्हटलं की कळतं.

आता गावात असं असतं की आजारी माणसापेक्षा सल्ला देणारे जास्त. प्रत्येक जण म्हणाला, "विकत कशाला घेता? सरकारी शिबिरात फुकट मिळतो. फक्त दिव्यांग प्रमाणपत्र काढा." हे खोटं नाही. केंद्राच्या एडिप योजनेत अशी साधनं मिळतात, आणि त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मी कागद घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले. प्रमाणपत्राच्या खिडकीवरच्या माणसानं सुट्टीचं, म्हणजे दवाखान्यातून सोडल्याचं, कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "सहा महिने झाले का?"

"नाही. आत्ताच घरी आणलंय."

"मग सहा महिन्यांनी या. त्याच्याआधी डॉक्टरांचा बोर्ड बघत नाही."

दिवाळी आणि सहा महिने, म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मानूस आते पडेल शे, आनी कागद आखाजीले देतीन का?"

माय शाळेत गेलेली नाही, पण तिनं मुद्दा बरोबर धरला होता. लकव्यात सगळ्यात जास्त सुधारणा होते ती पहिल्या काही महिन्यांत. त्याच काळात उभं राहणं, वजन टाकणं, पाऊल सरळ पडणं शिकायचं असतं. आणि त्याच काळात साधन मिळायची सरकारी वाट बंद. सहा महिन्यांच्या नियमामागचं कारण मला पटतं. सुरुवातीला माणूस रोज बदलतो, आज काढलेली टक्केवारी तीन महिन्यांनी खोटी ठरेल. पण प्रमाणपत्राची टक्केवारी ही एक गोष्ट आणि पाऊल लोंबू नये म्हणून द्यायचा प्लास्टिकचा तुकडा ही दुसरी. ह्या दोन गोष्टी एकाच खुंट्याला कुणी बांधल्या?

ज्यांच्या घरात आत्ता लकव्याचा माणूस आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: स्प्लिंट प्रमाणपत्रासाठी थांबवू नका. तयार मिळतो तो काही शेकड्यांत येतो, माप घेऊन केलेला काही हजारांत. आम्ही माप देऊनच केला.

ते माप घेणं बघण्यासारखं असतं. कारागिरानं आबांच्या पायाला आधी पातळ मोजा चढवला, घोट्याच्या हाडांवर आणि बोटांच्या बुडाशी खुणा केल्या, मग ओली प्लास्टरची पट्टी गुडघ्याखालपासून गुंडाळत आणली. पाऊल काटकोनात धरून ठेवलं. पट्टी घट्ट झाल्यावर ती पुढून कापून उतरवली. त्या पोकळ साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात आणि तिच्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा बसवतात. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचा, मग काढून कातडी बघायची. लाल डाग पडला आणि वीस-पंचवीस मिनिटांत गेला नाही, तर स्प्लिंट तिथे टोचतोय. आबांच्या बाहेरच्या घोट्यावर असा डाग राहिला. परत नेला, त्यानं तेवढीच जागा गरम करून बाहेर फुगवली. लकव्याच्या पायाला पुष्कळदा नीट कळतच नाही, म्हणून "दुखतंय का?" विचारून भागत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. ज्यांना साखर आहे त्यांनी तर रोज बघा.

पट्टे कुठून कुठे ओढायचे हेही बनवतानाच सांगा. आबांचा उजवा हात चालत नाही, म्हणून आम्ही पट्टे डाव्या हातानं ओढून लागतील असे करून घेतले. आज ते स्वतः लावतात. मला ह्या एका गोष्टीचा फार आनंद आहे. आणि हो, बूट एक नंबर मोठा घ्या, नाहीतर स्प्लिंटसकट पाय आत जाणारच नाही. आम्ही मागून पट्टा असलेली, पुढून पूर्ण उघडणारी सँडल घेतली.

काठीचं आधी सांगायला हवं होतं. मामांनी प्रेमानं वॉकर आणून दिला. पण वॉकर दोन्ही हातांनी उचलावा लागतो, एक हात लुळा असलेल्या माणसाला तो काय कामाचा? लकव्याला चार पायांची काठी लागते, आणि ती चांगल्या हातात धरायची. येणारे-जाणारे सगळे सांगतात की लुळ्या बाजूला धरा. ऐकू नका. उभं राहून हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ आली पाहिजे. ओट्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी.

आता पुन्हा त्या कार्यालयाकडे येते.

आखाजी झाली आणि आम्ही गाडी करून आबांना घेऊन गेलो. खानदेशातलं एप्रिल-मेचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. बोर्ड ठरलेल्या वारीच बसतो आणि सगळ्या जिल्ह्यातून त्याच वारी माणसं येतात. पोलिओची, अपघातातली, मांडीवर मूल घेतलेल्या बाया, सगळे एका व्हरांड्यात. बाकडी भरली की बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, म्हणजे ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनीच. दुपारी आमचा नंबर लागला. टेबलावरच्या माणसानं सुट्टीचं कार्ड बघितलं, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "अजून झाले नाहीत. सुट्टी कधी झाली बघा की ताई."

तो घरी सोडल्याच्या तारखेपासून मोजत होता. आबा दवाखान्यात आणि मग दुसऱ्या ठिकाणी व्यायामासाठी, असे महिन्याच्या आसपास राहिले होते. तेवढे दिवस त्यानं वजा करून टाकले. मी म्हटलं, आजार झाला त्या दिवसापासून मोजायचं असतं. "कागदावर हीच तारीख आहे," एवढंच उत्तर. आबा समोर खुर्चीवर, त्यांना सगळं कळत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. डॉक्टरांपर्यंत आम्हाला जाऊच दिलं नाही.

घरी आल्यावर मी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना काढून वाचल्या. मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारात तपासणी सहसा आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी करावी, असंच त्यात आहे. आजार सुरू झाल्यापासून, सुट्टीपासून नाही. आणि त्याच वाक्यात पुढे आहे की नेमका काळ किती, हे तपासणारा डॉक्टर ठरवेल. म्हणजे हा निर्णय खिडकीचा नव्हताच, पहिल्या वेळीही नव्हता! ते पान छापलं, ज्या रात्री दाखल केलं त्या रात्रीचा तातडीच्या विभागाचा कागद शोधून त्याला जोडला, आणि पुढच्या वारी गेले ती थेट म्हणाले, "मला हे डॉक्टरांना दाखवायचंय." डॉक्टरांनी दोन्ही कागद बघितले आणि आबांना आत घेतलं. आत सगळं मिळून पाऊण तासही लागला नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं ते एवढंसं निघालं, तेव्हा बरं वाटण्याऐवजी मला रडूच आलं.

म्हणून दवाखान्यातून निघतानाच सुट्टीच्या कार्डावर आजार सुरू झाल्याची तारीख ठळक लिहून घ्या. उजवी बाजू की डावी, तेही. अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो. त्याआधी आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का बघा. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

तपासणीत आणखी एक धरून ठेवा. डॉक्टर हात-पाय बघून थांबत होते. मी म्हटलं, बोलणंही गेलंय, तेही तपासा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व वेगळं धरलेलं आहे, आणि वाचाघाताचा, म्हणजे असं बोलणं जाण्याचा, तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. आपण बोललो नाही तर ते राहून जातं.

बोलण्यासाठी आम्हाला एक मोबाइलचं अ‍ॅप सुचवलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. चित्रं सोफ्याची, स्ट्रॉबेरीची, आवाज हिंदी बातम्यांतला. आबांनी दोनदा बघून फोन बाजूला सारला. मग मी आमच्याच घरातले फोटो काढले, तांब्या, खाट, चष्मा, पांढऱ्या बैलाची दावण, संडासचं दार, आणि प्रत्येकाला मायचा आवाज भरला. "माले पानी दे." "माले भूक लागनी." "वावरमा जानं शे." पहिल्या संध्याकाळी आबांनी बैलाचा फोटो दाबला, मायचा आवाज ऐकला आणि चांगल्या हातानं गोठ्याकडे दाखवलं. भावानं खाट उचलून गोठ्याच्या बाजूला नेऊन टाकली. फोटो लॅमिनेट करून तक्ताही केलाय, लाइट नसली की तो कामाला येतो.

अजून आठवतंय ते: उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू देऊ नका, कुणालाच, कितीही जवळचा असला तरी. खांदा निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. कंबरेला पट्टा बांधून त्याला धरा. संडासापाशी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला बसवून घ्या. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की एका हातानं जेवताना ताट सरकत नाही.

साठीच्या पुढचा माणूस असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. चार पायांची काठी आणि व्हीलचेअर तिच्यात येतात, आणि वयाचा व उत्पन्नाचा पुरावा लागतो. आमच्या कार्यालयात हे कुणी सांगितलं नाही, आणि आबा सत्तरीला टेकलेत हे तर कार्डावरच लिहिलेलं होतं.

प्रमाणपत्र आलं, ४० टक्क्यांच्या वर, पण तात्पुरतं. मुदत संपायच्या आधी पुन्हा त्याच व्हरांड्यात जायचंय. तातडीच्या विभागाचा तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सात-बाराच्या उताऱ्यांसोबत कपाटात ठेवलाय. स्प्लिंटच्या पट्ट्यांत मात्र कापसाची कुसं आणि धूळ बसते, मग ते चिकटत नाहीत. जुन्या टूथब्रशनं आठवड्याला घासा, आणि सैल झाले की नवे पट्टे तोच कारागीर लावून देतो, त्यासाठी नवा स्प्लिंट घ्यायची गरज नाही.