कॉर्टिसॉल ०.८

मावसभावाच्या लग्नात बहिणी म्हणाल्या, "ताई, अंग धरलंस गं, चेहरा कसा भरलाय!" मलाही बरंच वाटलं. गुडघ्यांसाठी आठ महिने मी रोज दोन पुड्या घेत होते. झाडपाल्याचं औषध आहे, अपाय नाही, असं सांगून दिलेल्या. तिसऱ्याच दिवशी मी कठडा न धरता जिना उतरले होते.

पुढे चेहरा आणि पोट वाढतच गेलं, हातपाय मात्र काटकुळे. भांड्याची कड लागली तरी हातावर काळंनिळं. साखर वाढली, बीपी वाढलं. जमिनीवर बसले की हात टेकल्याशिवाय उठता येईना. हे सगळं मी वयावर ढकललं. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटले तेव्हा मात्र घाबरले. बाळंतपणाचे पांढरे वण मला माहीत होते, हे तसे नव्हते.

आमच्या डॉक्टरांनी पट्टे बघून विचारलं, "स्टिरॉइड घेता का?" मी ठामपणे नाही म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. कुशिंग सिंड्रोमची शंका घेऊन त्यांनी मला हार्मोनच्या तज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं.

सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन तपासलं. हा आजार म्हणजे कॉर्टिसॉल जास्त, एवढं मला कळलं होतं. आणि रिपोर्टात ०.८! सकाळी साधारण ५ ते २५ हवं. लॅबचीच चूक, असं मला वाटलं.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ॲड्रिनल ग्रंथी, त्या कॉर्टिसॉल बनवतात. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी, ती त्यांना हुकूम देते. बाहेरून स्टिरॉइड येऊ लागलं की पिट्युटरी हुकूम थांबवते आणि ॲड्रिनल झोपी जातात. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड अंगात कॉर्टिसॉलचंच काम करतं, पण कॉर्टिसॉलच्या तपासणीत ते दिसत नाही. "ग्रंथीतल्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढलं असतं तर आकडा इतका खाली गेला नसता. बाहेरून काहीतरी येतंय. आठवा."

पुड्या पर्समध्येच होत्या. मी त्या टेबलावर ठेवल्या आणि रडू फुटलं. आता सगळं फेकून द्यावं, एकही गोळी नको, असं झालं. मॅडम म्हणाल्या, "एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल." तेव्हा दिवाळी आठवली. पुड्या संपल्या होत्या, चार दिवस उलट्या आणि चक्कर. फराळ बाधला असं आम्ही धरलं होतं.

पुड्यांऐवजी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचीच गोळी, सुरू झालं, सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. ताप आला तर डोस दुप्पट. उलटीमुळे गोळी टिकली नाही तर लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन. तसं लिहिलेलं कार्ड अजून पर्समध्ये असतं. ग्रंथी जाग्या व्हायला अकरा महिने लागले. आधी चेहरा उतरला. पट्टे पांढरे पडले, पण गेले नाहीत. गुडघे दुखतात, त्यासाठी व्यायाम करते आणि जिना सावकाश चढते.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या फडताळात तशाच पुड्या दिसल्या. हिसकावून घ्याव्यात असं वाटलं, पण घेतल्या नाहीत. "काकू, मनाने बंद करू नका," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुड्यांसकट मॅडमकडे घेऊन गेले.