शिफ्टचा निरोप एआयकडे दिला तेव्हा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर गाड्यांचे शाफ्ट आणि बुश टर्न होतात, म्हणजे फिरवत कापून मापात आणले जातात. तीन शिफ्ट चालतात, आणि एका शिफ्टमध्ये काय झालं ते दुसरीला कळत नाही ही ओरड मी इथे लागले तेव्हापासूनची. लॉगबुक आहे, पण त्यात 'मशीन ओके'च्या पुढे कुणी जात नाही. खरी माहिती पंचिंगच्या रांगेत तोंडी दिली जाते, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधोमध.

म्हणून 'आपल्याकडेही एआय आणायचा' असा वरून फतवा निघाला, तेव्हा प्रयोगासाठी शिफ्ट हँडओव्हर निवडला आणि तो माझ्या गळ्यात पडला. पुण्याहून डेमो द्यायला माणूस आला. मीटिंगचे मुद्दे काय, मेलचा मसुदा काय, बसल्या जागी तयार. सगळे खूश. डेमोतली मीटिंग एसी खोलीतली, शुद्ध इंग्रजीतली होती, ते तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

आयटीची पहिली अट होती की फोनवरची मोफत टूल्स बंद. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आमच्याकडे निम्मं ऑफिस ग्राहकाला जाणारे मेल त्यावर लिहून घेत होतं. मेलचं एक वेळ ठीक, पण ग्राहकाचं ड्रॉइंग त्यात टाकलं तर गोपनीयतेचा करार तिथेच मोडला. 2023 मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली, हे उदाहरण आयटीवाल्याने प्रत्येक बैठकीत सांगितलं. पुढेपुढे तर त्याने तोंड उघडलं की आम्हीच वाक्य पुरं करायचो.

मग रीतसर परवाना घेतला. हे टूल कंपनीच्या फायली वाचून उत्तर देतं, आणि ज्याला जी फाइल उघडायची परवानगी आहे तेवढीच त्याला दाखवतं. ऐकायला किती सुरक्षित! स्टोअरच्या एका मुलाने 'यंदाची वाढ कशी ठरली' असं सहज विचारलं, तर एका जुन्या फोल्डरमधली पगारवाढीची शीट समोर आली. टूलचं काही चुकलं नव्हतं. तो फोल्डर कधीकाळी कुणीतरी 'सर्वांसाठी' उघडा ठेवला होता, फक्त तिथवर आजवर कुणाचा हात पोचला नव्हता. नंतरचा बराच काळ एआय बाजूला राहिला आणि आम्ही फोल्डरच्या परवानग्या साफ करत बसलो. या कामाचं खरं ओझं हेच होतं, आणि डेमोत त्याचा अर्धा स्लाइडही नव्हता.

ऑपरेटर टाइप करणार नाहीत हे ठाऊकच होतं, म्हणून व्हॉइस नोट ठरली. शिफ्ट संपताना मिनिटभर बोलायचं, त्याचा मजकूर कंपनीच्याच कॉम्प्युटरवर तयार होणार आणि त्यावरून टूल सारांश काढणार. आमच्या शॉपमध्ये सटाणा, मालेगाव, धुळ्याकडची माणसं बरीच आहेत. बोलायला लागली की अहिराणी येतेच. सगळे ज्यांना नाना म्हणतात ते आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी सांगितलं, "बहुतेक कूलंट कमी पडी राहिनं, फिनिश दखा." म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रव बहुतेक कमी पडतंय, पार्टचा गुळगुळीतपणा बघा. मागे कॉम्प्रेसर सुरू. मजकुरात निम्मे शब्द भलतेच उमटले. त्यावर उपाय साधाच निघाला. ऑफिसच्या दाराआड, आवाजापासून लांब एक फोन ठेवला आणि मशीन, पार्ट, ऑफसेट, इन्सर्ट अशा नेहमीच्या शब्दांची यादी टूलला आधीच दिली. अहिराणीचं दुखणं कमी झालं, गेलं नाही.

खरी गोम मात्र सारांशात होती. नानांच्या त्या नोटचा मजकूर हाताने दुरुस्त करून पुन्हा दिला, तर सारांश आला: 'कूलंट कमी असल्यामुळे फिनिश खराब.' नानांचा अंदाज कागदावर कारण होऊन बसला. आमच्या धंद्यात हे फार महागात जातं. ग्राहकाची तक्रार आली की 8डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तपासाच्या आठ टप्प्यांच्या अहवालात, मूळ कारण पुराव्यासह लिहावं लागतं, आणि असं छापील वाक्य आयतं सापडलं की पुढचा माणूस तपास तिथेच थांबवतो.

दुसरं प्रकरण ऑफसेटचं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेला की पार्टचा बाहेरचा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, मायनस देतो. नोटमध्ये होतं 'मायनस वीस मायक्रॉन दिला', सारांशात आलं 'ऑफसेटमध्ये वीस मायक्रॉनची दुरुस्ती केली'. वाचायला छान, मशीनवर निरुपयोगी. दिला की द्यायचाय? कमी केला की जास्त? पुढच्याने पुन्हा मायनस दिला तर माप खाली जातं. जास्तीचा व्यास परत टर्न करता येतो, कमी झालेला पार्ट थेट भंगारात. तेव्हापासून आकड्यांना सारांशात जागा नाही. मशीन नंबर, ऑफसेट, चिन्ह आणि वेळ ऑपरेटर फॉर्मवर स्वतः भरतो. सारांश फक्त काय घडलं ते सांगतो, आणि ज्याने नोट दिली तो जायच्या आधी वाचून 'बरोबर' दाबतो. अंदाजासाठी वेगळा रकाना आहे. सध्या सगळ्यात जास्त वाचला जातो तो तोच.

हे सगळं होईपर्यंत नोटा येत होत्या, पण 'सगळं ओके' थाटाच्या. शेवटी नानांनीच तोंडावर विचारलं, "मॅडम, आमचा आवाज जपून ठेवणार, मग उद्या कुणावर मेमो निघणार?" प्रश्न अगदी रास्त होता. प्लांट हेडना गाठून लेखी सर्क्युलर काढून घेतलं, की हँडओव्हरच्या नोटा शिस्तभंगाच्या कारवाईला वापरल्या जाणार नाहीत आणि मजकूर झाला की आवाज पुसला जाईल. नोटिस बोर्डावर ते मराठीत लागल्यानंतर नोटांमध्ये 'टूल आपटलं' (लेथचं, एआयचं नव्हे), 'गेज सापडेना' असली वाक्यं यायला लागली. मला पहिल्यापासून हवं होतं ते हेच. सर्क्युलरसाठी परवाना लागला नव्हता, हे मी फायनान्सला अजून सांगितलेलं नाही.

थर्डवाले अजूनही निम्म्या वेळा नोट देत नाहीत. सकाळी सातची बस पकडायची असते, त्यांना काय बोलणार. त्या दिवशी फॉर्म तेवढा भरलेला असतो आणि बाकीचं फर्स्टचा सुपरवायझर फोन करून विचारतो.

आता आमच्याच कंपनीच्या सिन्नरच्या युनिटला हे हवंय. त्यांनी डेमोची तारीख मागितली. मी त्यांना त्यांच्या शेअर्ड फोल्डरची यादी मागितली आहे, ती अजून आलेली नाही.