पहिल्याच विभाजनात चार पेशी

मुलांचं अंड्यांच्या फलनाचं प्रात्यक्षिक कोकणातल्या काळ्या सी अर्चिनवर, म्हणजे स्टोमोप्न्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस या गोल, काटेरी समुद्री प्राण्यावर होतं. हा खडकाच्या खोबणीत काटे रोवून बसतो. जोर लावून ओढला की काटे मोडतात आणि बादलीतच अंडी सोडून मोकळा होतो. त्या दिवशी मात्र आठही प्राणी धड आले.

अंडी आणि शुक्राणू बाहेर यावेत म्हणून तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून प्रत्येकी दीड मिलीलिटर 0.5 मोलर पोटॅशियम क्लोराइड टोचलं आणि प्राणी हलकेच हलवले. कवचाच्या माथ्यावरच्या पाच छिद्रांतून मादीची फिकट पिवळी, रवाळ अंडी आली, नराचं दुधासारखं घट्ट शुक्रद्रव. मादी समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर उलटी ठेवायची, अंडी आपोआप तळाशी बसतात. शुक्रद्रव मात्र कोरडंच उचलून बर्फावर. पाणी लागलं की शुक्राणू पळायला लागतात आणि लवकरच थकतात, म्हणून ते ऐन वेळी विरळ करायचं: एक थेंब 10 मिलीलिटर पाण्यात, त्यातले दोन-तीन थेंब अंड्यांवर.

मिनिट-दोन मिनिटांत सगळ्या डिशमध्ये अंड्यांभोवती फलन आवरण उठलं. ते उठताना पाहणं हा या कामातला सगळ्यात सुंदर क्षण. तासाभराने अंडी दुभंगू लागली, पण तिसऱ्या डिशमधली एकाची थेट तीन किंवा चार होत होती, तीही लहानमोठी.

मला पहिली शंका सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या उष्णतेची आली. पण त्याच दिव्याखाली बाकीच्या डिश नीट होत्या. विचारल्यावर कळलं, तिसऱ्या डिशमध्ये शुक्रद्रवाचा थेंब विरळ न करताच टाकला होता.

पहिला शुक्राणू शिरताच अंड्याच्या बाहेरच्या पटलावरचा विद्युतदाब उणे 70 मिलीव्होल्टच्या आसपासवरून काही सेकंदांत शून्याच्या वर जातो आणि इतरांना अडवतो. हा बंदोबस्त मिनिटभर टिकतो, तोवर आवरण उठून पक्की भिंत होते. शुक्राणूंची झुंबड असली तर त्या पहिल्या क्षणांतच दोघं-तिघं घुसतात. आवरण नंतर व्यवस्थित उठतं, म्हणूनच ते बघून फसायला होतं. प्रत्येक शुक्राणू आपलं तारककेंद्र, म्हणजे विभाजनावेळी गुणसूत्रं ओढून घेणारे ध्रुव तयार करणारा भाग, घेऊन येतो. दोन शिरले की चार ध्रुव तयार होतात आणि तीन संच गुणसूत्रं त्यांच्यात कशीही वाटली जातात. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1902 मध्ये अशाच अंड्यांवरून प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असल्याचं दाखवलं.

म्हणून ती डिश फेकू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या डिशमधले भ्रूण गरगर फिरत पृष्ठभागाशी आले होते. तिसरीत तळाशी पेशींचे सुटे गोळे पडले होते. मुलांनी दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी काढली.