मीटिंग वरती, आवाज रस्त्यावर

मी वायरलेस सिक्युरिटीचं काम करते. कंपन्यांचे वायफाय, ब्लूटूथ, हवेतून जे काही जातं ते तपासायचं आणि बाहेर बसून कोणाला काय ऐकता येईल ते शोधून सांगायचं. बरीचशी कामं नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे याच पट्ट्यातली. महापेच्या एका कंपनीतला हा अनुभव लिहायचा बरेच दिवस मनात होतं कारण त्यातली गोष्ट अजून कितीतरी ऑफिसात तशीच चालू आहे.

कंपनीचं नाव सांगत नाही. टेंडरचे रेट बाहेर जातायत असा मॅनेजमेंटला संशय होता, समोरची पार्टी दरवेळी अगदी थोडक्यात खाली रेट भरायची, आणि सगळा राग आयटीवर निघत होता. आयटी हेड मॅडम अक्षरशः रडकुंडीला आलेल्या. त्यांनीच वायफाय तपासायला मला बोलावलं.

वायफाय बघितलं आणि खरंच चांगलं काम केलं होतं हो त्यांनी. बऱ्याच ऑफिसात एकच पासवर्ड सगळ्यांना असतो, रिसेप्शनला प्रिंट काढून चिकटवलेला, आणि डब्ल्यूपीए-२ मध्ये, म्हणजे वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत, तो पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने तुमचा लॅपटॉप कनेक्ट होतानाचा हँडशेक, म्हणजे सुरुवातीची देवाणघेवाण, हवेतून पकडला की तुमचा त्या सेशनचा वायफाय ट्रॅफिक त्याला उलगडता येतो. इथे प्रत्येक लॅपटॉपला स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, सगळीकडे नवीन डब्ल्यूपीए-३, गेस्ट नेटवर्क पूर्ण वेगळं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्ये सापडलेल्या 'क्रॅक' नावाच्या त्रुटीनंतरचे पॅचसुद्धा सगळे मारलेले. मॅडमना तसं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

पण वायरलेस म्हणजे फक्त वायफाय नाही, त्यामुळे मी नेहमी पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे हवेतल्या बाकीच्या रेडिओ फ्रीक्वेन्सीसुद्धा, बघितल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. माझ्याकडे एक यूएसबी डोंगल आहे, मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायला बनवलेला, २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की त्यातल्या चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल बाहेर काढता येतो आणि तेव्हापासून दोन-चार हजारात साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंतचं सगळं कोणालाही घरबसल्या बघता येतं. दुसऱ्या दिवशी वरती त्यांची रेट ठरवायची मीटिंग होती आणि मी माझ्या ज्युनियर पोराला घेऊन रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसले. खिशात कंपनीचं लेखी परवानगीपत्र होतं. ते नसेल तर हा डोंगल मी बॅगेतून काढतसुद्धा नाही, २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये बेकायदा इंटरसेप्शनला, म्हणजे दुसऱ्याचं चोरून ऐकण्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि असायलाच पाहिजे.

शीळफाट्याकडे जाणारे ट्रेलर समोरून धडधडत जात होते, टपरीवाले मामा कटिंग ओतत होते, आणि स्क्रीनवर सहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास एक उभी पिवळी रेघ आली. एकदम बारीक. मध्येच ती फुगायची, दोन्ही बाजूंना केस फुटल्यासारखी पसरायची आणि परत बारीक व्हायची. हे काम केलेल्या माणसाला नुसतं बघूनच कळतं की एफएमवर कोणीतरी बोलतंय. पोरगा म्हणाला, "ताई, हे काय?" मी रेघेवर क्लिक केलं, मोड साधा एफएम ठेवला, इअरफोनचं एक टोक त्याला दिलं.

मार्जिन. कुठल्या आयटमवर किती सोडायचं, कुठे सोडायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बोर्डरूममधला डायरेक्टरांचा आवाज, टपरीवर, शब्द न शब्द. आवाज थोडा दाबलेला वाटत होता कारण या माइकमध्ये आवाज आधी दाबून पाठवतात आणि रिसीव्हर तो परत उघडतो, तो उघडायचा भाग माझ्याकडे नव्हता, म्हणून कोणी थांबलं की मागची एसीची घरघर वर यायची. समजायला मात्र काही अडचण नव्हती.

बोर्डरूममध्ये कॉलरचे वायरलेस माइक होते, साधे ॲनालॉग, म्हणजे आवाज कुलूप न लावता तसाच हवेत सोडणारे. हॉल मोठा आणि ऑनलाइन जोडलेल्या लोकांना नीट ऐकू यावं म्हणून एव्ही, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओच्या, व्हेंडरने दिलेले. सहाशे मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ अर्धा मीटर, म्हणजे पाव वेव्हलेंग्थचा अँटेना जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, खिशात मावतो. बोर्डरूमची रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची आणि साधी काच या सिग्नलला फारशी अडवत नाही. मागच्या गल्लीत जाऊन बघितलं, तिथे मध्ये काँक्रीट आणि लिफ्टचा डक्ट, तर सिग्नल बराच पडला होता. टपरीची जागा ऐकणाऱ्यासाठी एक नंबर होती.

मग मीटिंगमध्ये चहाचा ब्रेक झाला आणि एकजण माइक बंद न करताच बाहेर आला. फोनवर घरी बोलत होता, आईच्या डायलिसिसबद्दल, पैशांबद्दल. मी इअरफोन काढला आणि पोरालाही काढायला लावला. तेवढ्या भागाची रेकॉर्डिंग तिथेच डिलीट केली. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कंपनीच्या रेटपेक्षा जास्त.

संध्याकाळी वरती सगळ्यांना ऐकवलं, फक्त मीटिंग सुरू होतानाचा गुडमॉर्निंगचा तुकडा. खोलीत कोणी बोलेना. एव्हीवाला म्हणाला, "मॅडम, याच्यात पायलट टोन आहे, दुसऱ्याचा रिसीव्हर उघडतच नाही." मी त्याला समजावलं की तो टोन तुमच्या रिसीव्हरला आवाज कधी सोडायचा ते सांगायला आहे, नको ती खरखर स्पीकरमध्ये येऊ नये म्हणून, ज्याला ऐकायचंय तो टोनकडे बघतच नाही. ॲडमिनचे साहेब म्हणाले जॅमर लावू. जॅमर खाजगी कंपनीला असा लावता येत नाही, सरकारची परवानगी लागते, आणि तो लावला तर आधी तुमचाच माइक बंद पडेल. १९७५ मध्ये वायनर नावाच्या संशोधकाने गणिताने दाखवलंय की ऐकणाऱ्याचा चॅनल आपल्या रिसीव्हरपेक्षा खराब असेल तर किल्लीशिवायही गुप्त बोलता येतं, त्यावर पुढे खूप काम झालंय, पण त्यासाठी ऐकणारा किती खराब जागी बसलाय याचा भरवसा लागतो आणि इथे तर तो मस्त चहा पीत बसू शकत होता.

डायरेक्टरांनी मग तो प्रश्न विचारला. कोण ऐकत होतं, किती दिवस? आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कोणाकडेच नसतं. सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर कुठेतरी लॉग राहतो, चुकीचा पासवर्ड टाकला तर नोंद होते, पण नुसतं रेडिओ ऐकणारा माणूस तुमच्या सिस्टीमला काहीच पाठवत नाही, त्यामुळे नोंद कशाची होणार? रेट इथूनच गेले असं मी म्हणू शकत नाही आणि गेले नाहीत असंही नाही. "आमच्याकडे कधी काही सापडलं नाही" हे वाक्य मी प्रत्येक कंपनीत ऐकते आणि दरवेळी पोटात गोळा येतो, कारण असलं ऐकणं सापडतच नाही. आवाज माइकमधून बाहेर पडायच्या आधीच त्याला कुलूप लागलेलं हवं, नंतर शोधत बसून काही मिळत नाही. आयटी हेड मॅडमकडे बघून मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांच्या नेटवर्कमधून काही गेल्याचं मला दिसलेलं नाही. ते सांगणं गरजेचं होतं.

बोर्डरूममध्ये टेबलावर वायरचे माइक बसवले. ट्रेनिंग हॉलला वायरलेस लागणारच होते, तिथे व्हेंडर डिजिटल सेट घेऊन आला आणि म्हणाला डिजिटल आहे म्हणजे सेफच. मी त्याला त्याच मॉडेलचा दुसरा रिसीव्हर आणायला लावला, शेजारच्या खोलीत ठेवला, स्कॅन केलं, तीच फ्रीक्वेन्सी लावली. आवाज खणखणीत, ॲनालॉगपेक्षा साफ. एन्क्रिप्शनचा, म्हणजे आवाजाला किल्लीने कुलूप लावायचा, ऑप्शन मेनूत होता, २५६ बिट एईएस नावाच्या पद्धतीचा, फक्त कंपनीतून येतानाच बंद होता आणि कोणी चालू केलाच नव्हता. चालू केला, माइक रिसीव्हरच्या इन्फ्रारेड खिडकीसमोर धरून किल्ली भरली, आणि शेजारच्या रिसीव्हरवर सिग्नलच्या काड्या फुल पण आवाज शून्य. व्हेंडर स्वतः येऊन बघून गेला. त्याने त्याच रात्री बाकीच्या क्लायंटना फोन करायला घेतले, त्याचं मला कौतुक वाटलं.

रिपोर्टमध्ये शेवटी गेटवरच्या वॉकीटॉकीचा मुद्दा टाकलाय. तेही ॲनालॉग आहेत, प्रायव्हसी कोड नावाचं जे बटण असतं त्याने फक्त दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, आपली त्यांना येतेच, आणि सिक्युरिटीवाले काका त्यावर कुठल्या साहेबांची गाडी कधी निघाली ते दिवसभर सांगत असतात. त्याचं बजेट अजून पास झालेलं नाही. मी दर आठवड्याला मेल टाकते.