स्टॅबिलायझरपासून नवव्या बिटापर्यंत: आमची वाटचाल

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही शटर उघडलं ते स्टॅबिलायझर आणि यूपीएस दुरुस्तीसाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की कूलर आणि मोटारी एकदम वीज ओढतात, व्होल्टेज झोकांड्या खातं आणि आमच्या दारात जळक्या ट्रान्सफॉर्मरची रांग लागते. पावसाळ्यात मात्र माशा मारत बसायचं.

व्हेंडिंग मशीनचं काम चालून आलं ते एका चटईच्या कारखान्यातून. तिथलं कँटीन चालवणाऱ्या भाऊंनी चिवडा-बिस्किटांचं जुनं, नाण्यांवर चालणारं मशीन पुण्याहून उचललं होतं. तेव्हा दहाचं नाणं बंद झाल्याची अफवा जोरात होती. सगळे चौदा नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, तरी गावाकडचा दुकानदार नाणं घेईना, म्हणून कामगारही ते जवळ ठेवीनात. खिशात मोबाईल मात्र प्रत्येकाच्या. "याला यूपीआय बसवता येईल का?" भाऊंनी विचारलं. मी न बघताच हो म्हणालो. या सवयीवरून भाचा मला अजून टोमणे मारतो.

डिप्लोमा केलेला हा भाचाच मग रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') घेऊन बसला. मशीनच्या पोटात सहा पिनांचा कनेक्टर असतो, त्यावर एमडीबी नावाची बस, म्हणजे मशीनच्या भागांनी आपसात बोलायची सामाईक लाइन, चालते. नाण्यांचा खोका, नोटांचा खोका, कार्डचा रीडर, सगळे त्याच वायरींवर. वेग फक्त ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट (० किंवा १). "मामा, एवढीशी सिरीयल लाइन, संध्याकाळपर्यंत उरकतो," तो म्हणाला. संध्याकाळी पाय जळालेला होता. त्या कनेक्टरच्या पहिल्या पिनवर ३४ व्होल्ट असतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर काही सहन करत नाहीत. दुसऱ्या पायला ऑप्टोकपलर (वीज न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) लावूनच हात घातला.

खरा घोळ पुढेच होता. साध्या सिरीयलमध्ये (बिट एकामागून एक पाठवायची पद्धत) एका बाइटला, म्हणजे बिटांच्या एका गठ्ठ्याला, आठ बिट, एमडीबीत नऊ. मशीनचा कंट्रोलर मालक, बाकी सगळे गडी. मालकाने नववा बिट चढवून (म्हणजे १ करून) बाइट पाठवला की तो पत्ता: आमच्या यूपीआयवाल्या कॅशलेस खोक्याचा सोळाक्रमी (हेक्स) १०. गड्याने उत्तराच्या शेवटच्या बाइटवर तोच बिट चढवायचा, म्हणजे बोलणं संपलं. पायला नऊ बिट येतच नाहीत. चूक पकडायला जोडतात त्या पॅरिटी बिटालाच नववा करून दामटता येतं, पण पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरीयल बोलणारा भाग) ब्लूटूथने अडवलेला आणि उरलेल्या मिनी यूआर्टला पॅरिटीच नाही. ब्लूटूथ बंद करून तोही मार्ग चालवून पाहिला. दहा वेळा चालायचं, अकराव्यांदा पायची ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, दुसऱ्याच कामात गुंतलेली असायची. उत्तर ५ मिलिसेकंदांत सुरू झालं पाहिजे. नाही झालं आणि असं पुन्हापुन्हा घडलं, की मालक समजतो गडी पळाला.

तीन आठवडे यात गेले. शेवटी मध्ये एटीमेगा३२८ बसवला. ही स्वस्तातली चिप नऊ बिट जन्मतःच बोलते आणि तिला दुसरं कामच नसतं. मशीनला वेळेत हुंकार द्यायचा तो तिने. बँकेकडून पैसे आल्याची खात्री करून होकार-नकार ठरवायचा तो पायने. ग्राहकाने मोबाईलचा स्क्रीन दाखवला म्हणून माल सोडायचा नाही, सर्व्हरचा निरोप आला तरच. माल पडला नाही असं मशीनने कळवलं तर पैसे परत. पहिल्या महिन्यात हे परतीचं जमवलं नव्हतं, तेव्हा रात्रपाळीच्या पोरांनी अहिराणीत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग वीजपुरवठ्याचे मॉड्यूल मरायला लागले, तेही फक्त रात्री. महिनाभर आम्ही विकणाऱ्याला शिव्या घातल्या. चूक आमची होती. ते ३४ व्होल्ट नावाला, ४२ पर्यंत चढू शकतात. रात्री कारखान्याचा लोड उतरला की लाइन वर जाते, तिच्यासोबत हेही. आमचा मॉड्यूल एलएम२५९६ चिपचा, चाळीस व्होल्टपर्यंतचा. त्याचा ६० व्होल्टवाला भाऊबंद लावला आणि रात्रीचे फोन थांबले. स्टॅबिलायझरवाल्याला हे आधी सुचू नये, याची लाज अजून वाटते.

वीज गेली की पायचं मेमरी कार्ड खराब व्हायचं, म्हणून आता कार्डावर काही लिहूच देत नाही; हिशोबाची नोंद वेगळ्या छोट्या चिपवर जाते.

आज जळगाव, भुसावळ आणि धुळे मिळून आमचे चौदा खोके चालू आहेत. स्टॅबिलायझरचं काम सोडलेलं नाही, मे महिना कोण सोडतो! भाच्याला सगळं एका पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) आणायचंय. मी म्हणतो, आधी धुळ्याच्या मशीनचं बघ. तिथला ऑपरेटर सकाळपासून तिसऱ्यांदा फोन करतोय, "भाऊ, मशीन बंद शे." यावेळी मात्र प्लगच निघालेला असणार.