क्राकूफमध्ये मातेइकोंची चित्रं पाहताना

एकोणिसाव्या शतकातले पोलिश इतिहासचित्रकार यान मातेइको यांची भव्य चित्रं पाहायला पोलंडमधल्या क्राकूफला आलेले बहुतेक जण थेट सुकिएनित्सेचा, म्हणजे चौकातल्या जुन्या कापडबाजाराचा, जिना चढतात; वर चित्रांचं दालन आहे. माझं सांगणं उलट आहे: आधी फ्लोरियांस्का रस्त्यावरचं 41 नंबरचं घर पाहा. मातेइको 1838 मध्ये याच घरात जन्मले आणि 1893 मध्ये इथेच गेले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली शस्त्रं, चिलखतं, जुनी वस्त्रं इथे आहेत. ऐतिहासिक चित्राचं निम्मं काम ब्रश उचलण्याआधीच होतं, हे ती पाहून पटतं. जेमतेम बावीस वर्षांचे असताना त्यांनी पोलिश पोशाखांचा चित्रसंग्रह काढला होता; काळ 1200 ते 1795. शेवटचं साल नीट लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने उरलासुरला पोलंड वाटून घेतला.

घरातून पाच मिनिटांत मुख्य चौक येतो. 10 एप्रिल 1525 रोजी इथे प्रशियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट याने पोलंडचा राजा पहिला झिगमुंट याच्यापुढे गुडघे टेकले. त्या जागी फरसबंदीत पाटी आहे. तिथे थोडं थांबूनच सुकिएनित्सेच्या वरच्या मजल्यावर जा. सोमवारी दालन बंद असतं.

याच प्रसंगाचं मातेइकोंचं चित्र ‘प्रशियाची मानवंदना’ 388 बाय 785 सेंटीमीटर आहे. लगेच जवळ गेलात तर नुसती गर्दी दिसेल आणि डोळे थकतील. त्यांच्या चित्रांत माणसं फार दाटीने उभी असतात, हा आक्षेप मलाही मान्य आहे. समोरच्या भिंतीपर्यंत मागे सरका. वॉर्निशवर दिवे चमकत असतील तर दोन पावलं बाजूला व्हा. आधी गुडघे टेकलेला आल्ब्रेख्ट शोधा, मग राजा, आणि मग पायरीशी बसलेला लाल कपड्यांतला विदूषक स्तान्चिक. आता जवळ जा. सगळा दरबार सोहळ्यात रमलेला, आणि हा एकटा चिंतेत. त्याला मातेइकोंनी स्वतःचा चेहरा दिला आहे. चित्रातली काही माणसं त्या दिवशी तिथे नव्हतीच, पण ती चूक नव्हे. आज गुडघे टेकणारा प्रशियाच पुढे देशाचा लचका तोडणार, हे मातेइकोंना त्याच चौकटीत दाखवायचं होतं.

मातेइकोंचं दुसरं भव्य चित्र, ‘ग्रुनवाल्डची लढाई’ (1878), मात्र वॉर्सात आहे, रेल्वेने सुमारे अडीच तासांवर. जवळपास दहा मीटर रुंदीचा हा कॅनव्हास दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हाती लागू नये म्हणून गुंडाळून लुब्लिनजवळ पुरून ठेवला होता. ओल लागून रंगांचं बरंच नुकसान झालं. दुरुस्तीचं काम 1949 पर्यंत चाललं.

क्राकूफ सोडण्याआधी चौकातल्या सेंट मेरी चर्चमध्ये जा. प्रेक्षकांची वाट बाजूच्या दाराने आहे. भिंतींवरचं रंगकाम मातेइकोंनी 1889 ते 1891 या काळात केलं. हाताखाली व्हिस्पियान्स्की आणि मेहोफर हे विद्यार्थी होते, जे पुढे गुरूची शैली सोडून स्वतःच्या वाटेने गेले. मान वर करा: निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत.