मालगाडीच्या मागावर: बेळगाव ते लोंढा

मालगाडीचं वेळापत्रक प्रवाशाला मिळत नाही. म्हणून फोटोसाठी तिच्या मागावर निघायचं तर आधी प्रवासी गाड्यांच्या वेळा पाठ हव्यात. एक्सप्रेस मागून येत असली की मालगाडीला पुढच्या एखाद्या स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात आणि तेवढ्यात मोटरसायकल तिच्यापुढे निघून जाते. पाठलागाचं सगळं गणित एवढंच.

सुगीच्या तोंडावर बेळगावहून पहाटे निघालो. देसूरकडे जाताना फाटक बंद दिसलं. त्या वेळेला प्रवासी गाडी नव्हती, म्हणजे मालगाडीच. तिला तिथं फक्त जाऊ दिलं आणि खानापूर गाठलं, कारण असोग्याजवळचा मलप्रभेवरचा पूल मला सकाळच्या उन्हातच हवा होता. सकाळी रुळांच्या पूर्वेला उभं राहायचं, म्हणजे इंजिनाच्या बाजूवर ऊन पडतं. मार्गाचं विद्युतीकरण झाल्यापासून खांब आणि तारा फोटोत येतातच. त्या टाळण्यापेक्षा थोडी उंच जागा शोधून वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबावं.

पुढे गुंजीच्या बाजूला भाताच्या बांधावर उभं राहायचं होतं. “मावशी, इथं थांबू का?” विचारलं. “थांब की, भात तेवढं तुडवू नको,” म्हणाल्या. विचारल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल टाकू नका.

लोंढ्याला खरी मजा. मिरज, हुबळी आणि गोवा या तिन्ही बाजूंचे मार्ग इथं मिळतात. मुरगाव बंदराचा कोळसा तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे लोंढ्यावरूनच जातो. भरलेला रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, जड, दबक्या आवाजात सरकतो. रिकाम्या वाघिणी खडखडत येतात. सवय झाली की नजरेआधी कान सांगतो. कोळशाच्या रेकमध्ये साधारण 58-59 वाघिणी असतात, त्यामुळे इंजिन गेलं म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका. शेवटच्या वाघिणीच्या कडेला ओल्या कोळशाची काळी रेघ ओघळलेली होती. मागं गार्डचा डबा आला, गार्डनं हात केला. माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच.

गोव्याच्या वाटेवर कॅसलरॉक स्टेशनच्या पुढे घाटात 37 ला 1, म्हणजे 37 मीटरला 1 मीटर, असा चढ आहे. भरलेली गाडी वर चढवायला जादा इंजिनं लावतात. त्यांचा आवाज ऐकायची इच्छा कुणालाही होईल, पण रुळांवरून दूधसागरकडे चालत जाऊ नका, तिथं मनाई आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली रुळांवर घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, तेव्हा सेल्फी स्टिक, छत्री, लांब ट्रायपॉड तारेच्या जवळ नेऊच नका. स्टेशनात फोटो काढायचा तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा.

खानापूर सोडलं की जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधी उतरवून घ्या, पेट्रोल खानापुरातच भरा आणि अंधार पडायच्या आत हमरस्त्याला लागा.